टापोचं तोंड

मी आयुष्यभर गटारांची झाकणं केली. लग्नाच्या बाजारात सांगण्यासारखा हा धंदा नव्हे. आमच्या सासूबाई नातेवाइकांना "सूनबाई लोखंडाच्या कारखान्यात साहेब आहे" एवढंच सांगत आणि विषय पापडांवर नेत. पण मला त्याचा कधी संकोच वाटला नाही. बँकेतल्या माणसाचं काम कपाटात राहतं, माझ्या कामावरून रोज हजार माणसं चालत जातात आणि कुणी पडत नाही. झाकण चांगलं असेल तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

अपवाद टापोचा. तो सगळ्यांच्या लक्षात आला, आणि माझ्या तर मनातून जात नाही. ज्यांच्याबद्दल हे लिहायचं, त्या मावशी या वसंतात वारल्या. त्यांच्या मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. तो "छापा" म्हणाला. म्हणून छापते आहे.

आधी धंदा थोडक्यात सांगते. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. वडील पॅटर्नमेकर, म्हणजे जी वस्तू लोखंडात ओतायची तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करणारे. ती प्रतिकृती ओल्या वाळूत दाबायची, अलगद उचलायची, मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. झालं ओतकाम. यात दोन गोष्टी बाहेरच्याला माहीत नसतात. एक म्हणजे लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी प्रतिकृती थोडी मोठी करावी लागते, मीटरमागे साधारण सेंटिमीटरभर. वडिलांकडे त्यासाठी वेगळी फूटपट्टी होती, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर जरासा लांब होता. लहानपणी मी त्या पट्टीने वही आखली आणि शाळेत मार खाल्ला. दुसरी गोष्ट, वाळूतून प्रतिकृती उचलताना कडा मोडू नयेत म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला थोडा उतार ठेवावा लागतो. सरळ रेघ म्हणून काही नसतं ओतकामात. सगळं जरा कललेलं.

हेच शिक्षण घेऊन मी जर्मनीत आले, शिकले, आणि म्युनिकच्या उत्तरेच्या एका फाउंड्रीत चिकटले ते निवृत्तीपर्यंत.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी एका लहान गावाच्या नगरपालिकेकडून ऑर्डर आली. टापो हे तिकडच्या मुलांचं लाडकं कार्टून. (नाव मी बदललं आहे, खऱ्या नावावर हक्क असलेल्या कंपनीचे वकील फार जागरूक असतात.) टापो हा डाक्स, म्हणजे आपल्याकडच्या बिज्जूचा भाऊबंद. पायात रबरी बूट, हातात बादली, तोंडभर हसू. त्याची चित्रं काढणारा चित्रकार त्या गावचा, म्हणून गावाला वाचनालयापासून पोहण्याच्या तलावापर्यंत बारा झाकणांवर बारा टापो हवे होते. मुलांनी एकेक शोधत जायचं.

काम गोड वाटलं होतं. पहिला नमुना ओतून साफ केला आणि आमचा फोरमन, हेर फोगल, त्याच्याकडे पाहून दोन पावलं मागे सरला. तीस वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस.

"काय हो, फ्राऊ कदम," तो म्हणाला, "हे पोरांसाठी आहे ना?"

कागदावर हसणारा टापो लोखंडात हसत नव्हता. रंग गेले की डोळे म्हणजे नुसते खड्डे, आणि हसण्याच्या कडांना तो वर सांगितलेला उतार दिला की ओठ खाली ओढल्यासारखे दिसतात. पाण्यात पडून बरेच दिवस झालेल्या माणसाचा चेहरा जसा होईल तसा तो दिसत होता. आम्ही उतार बदलला, डोळे उथळ केले, पुन्हा ओतला. पुन्हा तेच. फसलेले नमुने वितळवायला अंगणात रचून ठेवत. एक दिवस दुपारी मी तिकडून जात होते आणि तेरा-चौदा टापो एकावर एक पडून आभाळाकडे पाहत होते. पावसाचं पाणी त्यांच्या डोळ्यांत साचलेलं. त्यानंतर मी ते पालथे ठेवायला सांगितले. कारण कुणी विचारलं नाही.

उपाय मलाच सुचला, आणि तोच माझा अपराध. झाकणाला हवेची भोकं लागतात, खालची हवा कोंडू नये म्हणून. ती साधारण कडेने विखुरलेली असतात. मी ती सगळी टापोच्या तोंडात गोळा केली. तोंड खरोखरच उघडं झालं, आतला अंधार दिसू लागला आणि गंमत अशी की त्यामुळे तो हसू लागला. चित्रकाराने नमुना पाहून टाळ्या वाजवल्या. कंपनीचा शिक्का मिळाला. हेर फोगल मात्र म्हणाला, "तोंड उघडं ठेवलंत. बघा हं." मी हसले.

त्याच आठवड्यात कोल्हापूरहून भावाचा फोन आला. आई दवाखान्यात होती. मी म्हटलं, बारा झाकणं ओतून होऊ देत, मग येते. पाचव्या झाकणाला आई गेली. मी ओतकाम थांबवलं नाही. तेव्हा ते मला कामावरची निष्ठा वगैरे वाटलं होतं. आता त्याला काय म्हणावं ते मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

नंतरचा उन्हाळा कोरडा गेला. ऑगस्टच्या सुमारास बालवाडीच्या बाई, फ्राऊ लिंडनर, यांचा फोन आला. सातवं झाकण त्यांच्या फाटकासमोर पादचारी मार्गावर होतं.

"फ्राऊ कदम, एक विचारू? त्या टापोत तुम्ही स्पीकर बसवलाय का?"

"नाही. का?"

"तो बोलतो," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मुलं म्हणतात म्हणून नाही. मीही ऐकलं."

मी जवळच गार्चिंगला राहत असल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मुलं बाहेरच होती. फ्राऊ लिंडनरनी एका सोनेरी केसांच्या मुलीला विचारलं, टापो काय म्हणतो ते या बाईंना सांग. ती मुलगी हात मागे बांधून सरळ उभी राहिली आणि बडबडगीत म्हणावं तसं म्हणाली,

"कोन हाय गं वर?"

मागून बाकीची मुलं एका सुरात, "कोन हाय गं वर? कोन हाय गं वर?"

उच्चार जर्मन होता, पण ते "हाय" आणि तो "गं" मला चांगला ओळखीचा होता. आमच्या माळ्यावर कुणी चढलं की आई खालून अगदी असंच विचारायची. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "कुठली भाषा आहे माहीत नाही. काल्पनिक असेल." ती मराठी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

मुलं आत गेल्यावर मी गुडघे टेकून झाकणावर कान ठेवला. लोखंड तापलेलं होतं, टापोच्या तोंडातून मात्र गार हवा येत होती. बराच वेळ नुसती पोकळ घरघर. मी उठणार एवढ्यात खालून, अगदी स्पष्ट, म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"कोन हाय गं वर?"

"मी आहे," मी म्हणाले. "तुम्ही कोण?"

खालून हळूच, "मराठी बोलतीस?" आणि थोड्या वेळाने, "मी मेले काय गं?"

असा प्रश्न नोकरीत कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही मावशी, तुम्ही मेलेल्या नाहीत, मी गटाराच्या झाकणाची बाई आहे, तुम्ही कुठे आहात तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, तळघराच्या दाराबाहेर, पायऱ्यांच्या तळाशी, कपडे वाळत घालते, इथं जमिनीतनं पोरांचा आवाज येतो.

एकदा हे कळल्यावर माझ्या जिवात जीव आला, कारण आता ते माझ्या धंद्यातलं झालं होतं. तिकडच्या घरांना बाहेरून तळघरात उतरणाऱ्या पायऱ्या असतात. त्यांच्या तळाशी पावसाचं पाणी जायला जाळी असते, आणि जाळीखाली नळीला एक वाकण. त्या वाकणात कायम थोडं पाणी साचून राहतं, ते बुचासारखं काम करतं, खालची हवा आणि आवाज वर येऊ देत नाही. कोरड्या उन्हाळ्यात ते पाणी उडून गेलं होतं. म्हणजे मावशींच्या पायऱ्यांपासून माझ्या टापोच्या तोंडापर्यंत एक सलग रिकामी नळी, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. भोकं नेहमीसारखी विखुरलेली असती तर एवढं ऐकू आलं नसतं. मी ती एकत्र आणून कर्णा करून ठेवला होता. वर मुलं पोटावर झोपून "टापो! टापो!" ओरडत, आणि खाली एक म्हातारी घाबरून वर कोण आहे ते विचारत होती.

जवळच्या तीन घरांच्या घंटांवरची नावं वाचली. तिसऱ्यावर पाटोळे.

दार उघडलं नितीनने. चाळिशीचा, कानाला हेडफोन, उंटरश्लाइसहाइमच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचा, त्या दिवशी घरून काम करणारा. मराठी बाई दारात पाहून गोंधळला. मी म्हटलं, तुमच्या आईंना जमिनीतून मुलांचे आवाज येतात ना?

त्याचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं? आईने?" मग मला स्वयंपाकघरात बसवून दबक्या आवाजात सगळं सांगितलं. वडील गेल्यावर आईला मिरजेहून आणलं. आधी बरी होती. जूनपासून म्हणते, जमिनीखाली पोरं मला हाका मारतात. ऋता, म्हणजे त्याची बायको, घाबरली, घरात लहान मूल. गुरुवारी डॉक्टरची वेळ घेतली होती. डॉक्टरने भास म्हणून लिहून दिलं की पाठवायला म्हणून पुण्याच्या एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती, आजारी माणसांची सोय असलेल्या. "इथे आम्ही दिवसभर बाहेर, ताई. काय करू? ती एकटी तळघरात बसून बोलते. माझ्याच आईची मला भीती वाटायला लागली."

त्याचे डोळे भरले होते. वाईट मुलगा नव्हता तो.

मी त्याला मागच्या पायऱ्यांनी खाली नेलं. मावशी तिथे दगडी पायरीवर बसल्या होत्या, लहानखुऱ्या, नऊवारी, वर मुलाचा जाड स्वेटर. मुलांना टापोपाशी आणा म्हणून मी फ्राऊ लिंडनरना फोन केला. मिनिटभरात जाळीतून बारा-पंधरा मुलांचा आवाज आला, "टापो! टापो! कोन हाय गं वर?"

नितीन भिंतीला टेकला. मावशी त्याच्याकडे पाहत होत्या, विजयाने नव्हे, फक्त पाहत होत्या. मग मी बादलीभर पाणी जाळीत ओतलं. आवाज कापल्यासारखा बंद झाला. समजावून सांगितलं, वाकण, पाणी, सगळं. इंजिनिअरच तो, त्याला लगेच कळलं. आईच्या पायाशी बसला आणि "चुकलो गं" म्हणाला.

इथे माझं काम संपायला हवं होतं. पण इंजिनिअर माणूस हिशेब पुरा लागल्याशिवाय उठत नाही. त्याने वर पाहिलं.

"पण ताई, बालवाडी रविवारी बंद असते. आई तर म्हणते रविवारी सकाळी एक बाई बोलते. मराठीत. आई, म्हणतेस ना तू?"

मावशींनी मान खाली घातली. गुरुवार अजून दोन दिवसांवर होता आणि डॉक्टरच्या वेळेचा कागद अजून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेला होता, मी येताना पाहिला होता.

"ती मी," मी म्हणाले.

"तुम्ही?"

"झाकणं तपासायला येते. रविवारी रहदारी नसते."

बोलताच माझी चूक मला कळली. जर्मनीत रविवारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी घाईने म्हटलं, "कंपनीचं काम नाही हो. माझी आपली हौस. केलेलं झाकण कसं बसलंय ते बघते, स्वतःशी बडबडते. वय झालं." तो हसला. त्याला पटायचंच होतं. वर जाऊन त्याने डॉक्टरची वेळ रद्द केली, मी जिन्यातून ऐकलं.

निघताना मावशींनी माझा हात धरला. त्यांचा हात त्या पायरीच्या दगडासारखा गार होता.

"तू ती न्हाईस," त्या कानाशी म्हणाल्या. "तिचा आवाज मला ठावं हाय. पर लई बरं केलंस बाय."

त्या दिवसापासून मी खोटं निभवायला बांधली गेले. दर रविवारी सकाळी मी आणि आमचे हे बसने त्या गावी जात असू. हे जरा दूर उभं राहून, आपला या बाईशी संबंध नाही असा चेहरा करत. मी गुडघे टेकून टापोच्या तोंडात बोलायची. एकदा कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाने विचारलं, "काही हरवलंय का आपलं?" मी म्हटलं, "जा, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, आणि उठले. वाकणातलं पाणी पुन्हा उडालं होतं. मावशींनी ते कुणाला भरू दिलं नाही आणि मीही ओतलं नाही. नोकरीतली माझी ती एकमेव जाणूनबुजून केलेली हयगय. पुढच्या ऑर्डरींत मी टापोचं तोंड बंद केलं, पण ते सातवं तसंच ठेवलं.

मावशी खालून मिरजेच्या गोष्टी सांगत, मी वरून कोल्हापूरच्या. कुणाच्या घरी शेंगदाण्याची आमटी कशी, पन्हाळ्यावर धुकं कसं उतरतं. माझ्या आईबद्दल मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही. आई आहे की नाही, एवढंही नाही. त्या दुसऱ्या बाईचा विषय मी काढत नव्हते. एकदाच त्या आपणहून म्हणाल्या, "तू यायच्या आधी येती. फार बोलत न्हाई. कुनाची तरी वाट बघती."

नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस लागला. वाकण काठोकाठ भरलं असणार, शनिवारी मी नितीनला मेसेज करून खात्रीही करून घेतली. जाळीत पाणी दिसतंय, म्हणाला. म्हणजे त्या रविवारी आवाज जाणं शक्य नव्हतं. तरी मी गेले, सवयीने. यांना सर्दी झाली होती, म्हणून एकटीच.

रस्त्यावर कुणी नव्हतं. टापोच्या डोळ्यांत पाणी साचलं होतं. खाली कुणी ऐकत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच असेल, माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. इतके महिने यांनाही जे सांगितलं नव्हतं, ते मी त्या भोकांत बोलले. आई, मी यायला हवं होतं. पाच झाकणं झाली होती, सात राहिली होती. ती थांबली असती. तू थांबली नाहीस. एवढंच. मग रुमाल काढला, नाक पुसलं, आणि बस पकडली.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. नितीनने त्यांना व्हिडिओ कॉल शिकवला होता, त्यांचं अर्धं कपाळ आणि छताचा दिवा दिसत होता.

"आज दोघी संगटच आला व्हता," त्या म्हणाल्या.

"कोण दोघी, मावशी? आज तर पाणी भरलंय. काही ऐकू आलं नसेल तुम्हाला."

"लख्ख आलं. मी मधी बोलले न्हाई. माय-लेकीच्या मधी कशापायी बोलायचं." दिव्याचा उजेड हलला, त्या फोन जवळ घेत होत्या. "तू रडत का गेलीस गं? ती रागावली न्हाई म्हनून सांगत व्हती की तुला. दोनदा म्हनली. तू ऐकलं न्हाईस व्हय?"

मी वाकणाचं गणित मनात मांडून पाहिलं. पाण्याची उंची, नळीची लांबी, माझ्या आवाजाची पट्टी. ते कुठूनही जुळत नव्हतं. स्वयंपाकघरात हे शिंकत होते, कढई तापत होती. मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले आणि विचारलं,

"आणखी काय म्हणाली, मावशी?"